मोडेपर्यंत वजन

जवाहर चौकात स्टेशनरीचं एक दुकान आहे. तिथे वह्या, रजिस्टरं, लग्नपत्रिकांचे नमुने असं सगळं मिळतं आणि शाळेचा प्रकल्पही तयार मिळतो. मी एकदा मुद्दाम गिऱ्हाईक बनून गेलो. आठवीच्या मुलासाठी विज्ञानाचं मॉडेल हवंय म्हणालो. मालकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कुणाचे तरी आजोबा आहेत असं ठरवलं आणि फार आपुलकीने विचारलं, "चलने वाला चाहिए चाचा, कि सिर्फ रखने वाला?"

मी सारं आयुष्य कारखान्यात काढलं, पण यंत्रांची इतकी नेमकी वर्गवारी कुठे ऐकली नव्हती. रखने वाला म्हणजे थर्माकोलचा ज्वालामुखी. चलने वाला म्हणजे इंजेक्शनच्या सिरिंजवर हात हलवणारी जेसीबी. त्या वर्षी, मी शनिवारी शिकवतो त्या शाळेच्या प्रदर्शनात तीन जेसीबी आल्या होत्या आणि तिन्हींचा पिवळा रंग एकाच डब्यातला होता. तिन्ही मुलांनी ती स्वतः केल्याचं सांगितलं. एकाला मी विचारलं, "बेटा, ये सिरिंज दबाने पर दूसरी क्यों हिलती है?" तो म्हणाला, "सर, वो तो अंकल को पता होगा."

मी टूल डिझाइनमध्ये होतो. यंत्राचा एखादा भाग कापताना किंवा त्याला भोक पाडताना तो जागच्या जागी घट्ट धरून ठेवावा लागतो. धरणाऱ्या त्या साधनाला जिग म्हणतात, आणि जिग आखणं हे माझं काम. कारखान्यातली मोठाली यंत्रं पाहायला मंत्री येत, फोटो निघत, आणि जिगकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. निवृत्तीनंतर इथेच, या हिंदी मुलखातल्या शहरात, अरेरा कॉलनीत फ्लॅट घेतला. दोन वर्षांत माझी बायको, सुनंदा, गेली. आम्हाला मूलबाळ नाही. पुण्याहून भाऊ फोन करतो, एकटा तिथे काय करतोस, इकडे ये म्हणतो. मी बघू म्हणतो आणि फोन ठेवतो. बघण्यासारखं खरं तर काही नसतं. इथे निदान कुठला नळ कसा गळतो ते मला ठाऊक आहे.

घराजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सकाळी फिरायला येत. त्यांनी एकदा विचारलं की शनिवारी दोन तास मुलांना काहीतरी शिकवाल का. काय शिकवू, म्हटलं, तर म्हणाल्या, तुम्हाला येतं ते. मला येत होतं एकच. एखादी अडचण घ्यायची आणि ती सुटेल अशी वस्तू बनवायची. शाळेने जिन्याखालची एक खोली दिली, जुनी टेबलं दिली आणि सहावी ते नववीची चौदा मुलं दिली. तेव्हापासून माझा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शनिवारीच संपतो. मधले सहा दिवस पुढच्या शनिवारची लाकडं निवडण्यात जातात.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांना वाटतं, डिझाइन म्हणजे चित्र काढणं. चित्र बरंच नंतर येतं. आधी ज्याला वस्तू वापरायची आहे त्याला जाऊन विचारायचं. मग कागदावर एकच नाही, तीन वेगवेगळ्या तऱ्हा काढायच्या, कारण माणूस पहिल्याच कल्पनेच्या प्रेमात पडतो आणि मग आंधळा होतो. मग स्वस्तातली कच्ची वस्तू करायची. मग तिच्यावर वजन टाकायचं, थोडं थोडं, मोडेपर्यंत. कुठून मोडली ते लिहायचं. मग दुसरी करायची. मुलांना यातली मोडण्याची पायरी फार आवडते आणि लिहिण्याची अजिबात आवडत नाही. आमच्या कारखान्यातल्या इंजिनीअरांचंही असंच होतं.

पहिल्या वर्षी मी मुलांना शाळेत झाडूपोछा करणाऱ्या शांतादीदींसाठी काहीतरी करायला सांगितलं. मुलांनी विचारायच्या आधीच लांब दांड्याचा, चाकांचा, बटण दाबून पिळला जाणारा पोछा कागदावर उतरवला. मी म्हटलं, जा आधी विचारून या. परत आली ती तोंडं पाडून. दीदी म्हणाल्या होत्या, पोछा ठीक है, मेरा टिफिन रखने की जगह नहीं है, चूहे खा जाते हैं. मग आम्ही सहा शनिवार उंदीर चढू शकणार नाही असं टांगतं फळकूट करण्यात घालवले. पहिलं डब्यासकट पडलं. दुसऱ्यावर उंदीर आरामात बसून होता. तिसरं अजून जिन्याखाली टांगलेलं आहे. एका पालकांनी मात्र येऊन सांगितलं की डब्याचं फळकूट बनवायला त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत घातलेलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. महाराणा प्रताप नगरातल्या कोचिंगच्या पाट्या वाचत रोज कामावर जाणाऱ्या बापाला फळकुटाची भीतीच वाटणार.

वर्गाचा एक नियम मी स्वतःसाठी केला होता. वर्गात शिरलो की हात पाठीमागे बांधायचे. आमच्या जुन्या फोरमनची ही सवय. शिकाऊ कारागीर लेथवर झगडत असला की ते मागे हात बांधून उभे राहत, घाम त्यांनाही फुटायचा, पण हात सुटायचे नाहीत. ते सांगत, तू एकदा हात लावलास की तो जॉब तुझा झाला, पोराचा राहिला नाही. मला हे सुरुवातीला फार जड गेलं. एखादं पोर स्क्रू तिरका पिळत असतं आणि आपल्याला तो सरळ करता येत असतो. बघत राहणं हीच यातली खरी मजुरी.

आता श्रावणीबद्दल सांगतो, कारण लिहायला बसलो ते तिच्यासाठीच. श्रावणी निखाडे आठवीत होती. सरकारी कचेरी नागपूरहून इकडे हलली तेव्हा तिचे पणजोबा तिच्याबरोबर आलेले. वडीलही सरकारी नोकरीत, पण त्यांची बदली सागरला झालेली, म्हणून घरी ती आणि आई दोघीच. वर्गात मराठी बोलणारी ती एकटी. पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून मी मराठीत बोललो तर ती लाजून म्हणाली, "सर, माझी मराठी जरा खराब आहे." ती खराब म्हणजे अशी की "मी स्केल घेऊन नाही आली" आणि "हे लाकूड जरा टेढं होऊन राहिलं". पहिले दोन शनिवार मी तिला सुधारलं. तिसऱ्या शनिवारी थांबलो. रविवार ते शुक्रवार माझ्याशी कुणी मराठीत बोलत नव्हतं, फोन सोडला तर. तिची टेढी मराठी ऐकायला मी लवकर जाऊन खोलीचं कुलूप उघडायचो, हे कबूल केलं पाहिजे.

तिने अडचण घरातूनच आणली होती. त्यांच्याकडे प्यायला वीस लिटरचे जार येतात. आईची कंबर गेलेली, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली, आणि रोज सकाळी दोघी मिळून जार वाकवून कळशी भरायच्या. निम्मं पाणी फरशीवर जायचं. श्रावणीने लाकडाचा झोका आखला. दोन बाजूंना दोन तिकोनी पाय, मध्ये आडव्या दांड्यावर लटकणारा चौकटीसारखा झोका. जारवाला भैया जार झोक्यात ठेवून जाणार आणि आईने नुसता एक दांडा ओढायचा, की जार तिरपा होऊन पाणी कळशीत. तीन तऱ्हा तिने खरंच काढल्या होत्या. आईला विचारून दांड्याची उंचीही बदलली होती. पहिला झोका तिने विटा टाकून मोडला, कुठून मोडला ते लिहिलं आणि मग दुसरा केला. अक्षर वाईट, पण लिहिलं सगळं.

त्याच सुमारास मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. शनिवारी त्याच वेळेला कोचिंगवाल्यांचा, प्रवेशपरीक्षांच्या तयारीचा फाउंडेशनचा वर्ग शाळेतच सुरू करा, असा पालकांचा आग्रह होता. संचालकांना माझ्या वर्गातून काय निघतं ते दाखवावं लागणार होतं. बाई भल्या होत्या, त्यांनी त्यांच्या हिंदीत स्पष्ट सांगितलं, "प्रदर्शनात परीक्षकांसमोर एक तरी चीज उभी राहिली पाहिजे, सर. नाहीतर मी तुमचा वर्ग वाचवू शकणार नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. शनिवार गेला तर उरलेल्या सहा दिवसांचं काय करायचं, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं टाळला होता.

उभं राहू शकेल असं एकच काम होतं, श्रावणीचा झोका. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मुलं आपापल्या वस्तू मांडून गेली. मी खोलीत एकटाच होतो. झोक्यावरून हात फिरवला आणि डाव्या पायाच्या बोल्टाजवळ बोटाला चीर लागली. भोक कडेच्या फार जवळ पाडलेलं, त्यामुळे लाकूड नखाएवढं तडकलेलं. चिरेशेजारी पेन्सिलीच्या दोनतीन बारीक रेघा होत्या. भोक पाडायला केलेल्या खुणा असतील असं मला वाटलं. उद्या वीस किलोचा जार चढला, परीक्षकांसमोर पाय फाटला आणि पाणी सगळ्या हॉलभर झालं, तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. माझ्याकडे ॲल्युमिनियमची एक पट्टी होती. ती मापाने कापली, आतल्या बाजूने चिरेवर बसवली आणि चार स्क्रूंनी आवळली. वीस मिनिटांचं काम. काम सुबक झालं, बाहेरून दिसतही नव्हतं. इतक्या वर्षांनी हातात स्क्रूड्रायव्हर धरून मला फार बरं वाटलं, हेही खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी जार चढला, झोका उभा राहिला. परीक्षक तीन होते, त्यातले एक निवृत्त प्राध्यापक. ते खाली वाकले, आत डोकावले आणि पट्टीवर बोट ठेवून त्यांनी श्रावणीला विचारलं की ही कल्पना तुझी का. श्रावणी वाकली. तिने पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

"ये मेरी नहीं है," ती म्हणाली. "कल तक नहीं थी. सर ने लगाई होगी."

प्राध्यापक हसले. गुरुजी का आशीर्वाद है, असं काहीतरी म्हणाले, शेजारच्या दोघांनाही हसू आलं आणि ते पुढे गेले. तिने आणखी काही सांगायला तोंड उघडलं होतं, पण ऐकायला तिथे कुणी थांबलं नाही. पहिलं बक्षीस एका जेसीबीला मिळालं. श्रावणीला प्रशस्तिपत्र मिळालं. पण संचालकांना झोका आवडला, त्यांनी स्वतः दांडा ओढून पाणी ओतून पाहिलं, आणि बाईंनी जाताना माझ्या कानाशी येऊन सांगितलं की वर्ग राहील. मी घरी जाताना पोहे आणि जिलबी बांधून घेतली. दोघांपुरती घेतली गेली. सवय.

पुढच्या शनिवारी श्रावणी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं परीक्षा असेल. तिसऱ्या शनिवारी मी तिच्या वर्गातल्या एका मुलीला विचारलं तर ती म्हणाली, वो तो रोज़ आती है सर, बस शनिवार को नहीं आती. त्या दोन तासांत मुलांनी मला काय काय विचारलं ते मला आठवत नाही. वर्ग वाचला होता, खोली तीच होती, टेबलं तीच होती. माझं मात्र सारखं दाराकडे लक्ष जात होतं.

चौथ्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. जवाहर चौकाच्या पलीकडे सरकारी क्वार्टर्स आहेत, त्यात पहिल्या मजल्यावर. तिच्या आईने दार उघडलं आणि मला पाहून ती गडबडली. सर तुम्ही कशाला आले, मीच पाठवणार होती तिला, म्हणाली. बसायला खुर्ची दिली, चहा टाकला. स्वयंपाकघराच्या दाराशी झोका दिसत होता, नवा. त्याच्या तळाला दुहेरी पट्ट्या होत्या. प्रदर्शनातला जुना झोका गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलेला, मोडका.

श्रावणी बाहेर आली. नमस्ते म्हणाली आणि उभी राहिली. मी घरून पुष्कळ बोलायचं ठरवून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी म्हटलं, "माझं चुकलं. तुला न विचारता मी हात लावला."

ती म्हणाली, "मला माहीत होतं सर, ती दरार आहे म्हणून."

ती मला गॅलरीत घेऊन गेली. तिने माझी पट्टी काढून टाकली होती. स्क्रूंची चार भोकं तेवढी दिसत होती, आणि त्यांच्यामध्ये त्या पेन्सिलीच्या रेघा. प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात तारीख होती, शेवटच्या रेघेशेजारी तीन तारखा. चीर दिसली की तिच्या टोकाला खूण करायची, तारीख घालायची आणि रोज पाहायचं की ती पुढे सरकते का, हे आमच्या कारखान्यात शिकाऊ मुलांनाही माहीत असतं. मीच वर्गात सांगितलं होतं, एकदाच, येताजाता. ज्याने सांगितलं त्याने त्या खुणा पाहिल्या आणि भोकाचं माप समजून त्यांच्यावर पट्टी ठोकली. त्या दुपारी मी चष्मा लावून नीट वाचलं असतं तर मला कळलं असतं की शेवटच्या तीन तारखांमध्ये चीर केसभरही हललेली नाही.

"मी तिथे सगळ्यांसमोर विटा टाकणार होती," श्रावणी म्हणाली. "आधी जार, मग एक एक वीट. कुठून तुटते ते सगळ्यांना दाखवायचं होतं न. विटा आणल्या पण होत्या मी, टेबलाखाली."

त्या विटा मला आठवल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. परीक्षक यायच्या आधी मी शिपायाला सांगून त्या मागच्या अंगणात टाकायला लावल्या होत्या, टेबलाखाली बरं दिसत नाही म्हणून.

"मग घरीच टाकल्या," ती म्हणाली. "तुमची पट्टी काढून. जारवाले भैया पण थांबले होते बघायला. सहा विटांपर्यंत काही नाही झालं. सातवीला तुटला."

मी वाकून पाहिलं. डावा पाय शाबूत होता. चीर जिथे होती तिथेच होती. मोडली होती ती झोक्याच्या तळाची आडवी पट्टी, जिथे जारचं बूड टेकतं तिथे, लाकडातल्या एका गाठीपाशी. वरून गाठ दिसत नव्हती. मी तिकडे बोटसुद्धा फिरवलं नव्हतं. म्हणजे मी जे सांधलं ते मोडणारच नव्हतं आणि जे मोडणार होतं ते मला दिसलं नव्हतं. मी नसतो तरी त्या दिवशी जार पडला नसता, वर्गही गेला नसता. उलट तेरा वर्षांची मुलगी विटा मोजत स्वतःचं काम मोडते आणि का मोडलं ते सांगते, हे त्या प्राध्यापकांनी पाहिलं असतं. जेसीबीचं काय झालं असतं कोण जाणे.

तिने सगळं वहीत लिहिलं होतं. मला वही दाखवली. सातवी वीट, तळाची पट्टी, गाठ. खाली नव्या झोक्याची आकृती होती. मी वाचलं आणि चांगलं आहे म्हणालो. खरोखरच चांगलं होतं, माझ्या काही सहकाऱ्यांनी इतकं स्वच्छ कधी लिहिलं नाही. मग माझ्या तोंडून निघालं ते विचारायला नको होतं. सर म्हणून नाही, आपला माणूस म्हणून विचारलं.

"मोडलास त्या दिवशी मला का नाही बोलावलंस?"

ती रागावलेली नव्हती. विचार करून, अगदी सरळ बोलली. "सर, तुम्ही तुटू दिलं नसतं."

आतून तिची आई म्हणाली, सरांना असं बोलतात का. मी म्हटलं, बोलू द्या ताई, बरोबर आहे तिचं. चहा निवला होता तो मी पिऊन टाकला. निघताना शनिवारी येशील का असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. ती जिन्यापर्यंत पोहोचवायला आली आणि बाय सर म्हणून वर गेली.

क्लास अजून चालू आहे. तेरा मुलं येतात, श्रावणी येत नाही. त्या रविवारी घरी आल्यावर हे सगळं कुणाला तरी बसून सांगावं असं फार वाटलं, त्या गाठीसकट. पुण्याला फोन लावला, पण भावाला झोका म्हणजे काय तिथूनच सांगावं लागलं असतं, म्हणून तब्येतीचं विचारून ठेवून दिला. दिवाळी अंकासाठी काही लिहा असं तुम्हा संपादकांचं पत्र आलं तेव्हा ते तसंच साठलेलं होतं. इथे लिहिलं.